जुलाबात पाणी तोडू नका

मे महिन्यात कोकणातली घरं चाकरमान्यांनी भरतात. आंबे, फणस, लग्नाची जेवणं. कुणाचं ना कुणाचं पोट बिघडतंच. मग माजघरातून हुकूम सुटतो, ‘पाणी देऊ नका, जुलाब वाढतील.’ हा समज साफ चुकीचा आहे, आणि तान्ह्या मुलाच्या तर जिवावर बेतणारा. जुलाब होतात ते आतड्याला लागण झाल्यामुळे. पिणं बंद केलं तरी अंगातलं पाणी आणि मीठ जातच राहतं, वर उकाड्याचा घाम.

गंमत म्हणजे जुलाबातही आतडं साखरेसोबत मीठ आत ओढतं आणि त्यामागून पाणी जातं. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन अपुरं पडलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असंच मीठ-साखरेचं पाणी पाजून कॉलऱ्याचे असंख्य रुग्ण वाचवले.

ओआरएसचं, म्हणजे अशाच मीठ-साखरेच्या तयार पुडीचं, पाकीट असेल तर त्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात अख्खं विरघळवा. नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट छोटे चमचे साखर, अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. मीठ अंदाजाने नको. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने. मीठ घातलेली पेज उत्तम. शहाळं चालेल, पण त्यात सोडियम कमी, एकट्या शहाळ्यावर भागत नाही. गोडमिट्ट कोकम सरबत मात्र जुलाब वाढवू शकतं. अंगावरचं दूध तोडायचं नाही.

डोळे खोल गेले, लघवी बंद झाली, मूल मलूल पडलं किंवा शौचातून रक्त दिसलं, तर थेट प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. वाटेतही पाजत राहा.