तुटण्यासाठीच घातलेली खूण

नोट हातात आली की उजेडाकडे धरून पाहायची, ही सवय नाशिकरोडला लहानपणीच लागते. १९२८ पासून इथल्या करन्सी नोट प्रेसमध्ये नोटा छापल्या जाताहेत. नोटेतलं जलचिन्ह शाईचं नसतं. कागदाचा लगदा ओला असतानाच तो कुठे पातळ, कुठे जाड बसवतात. म्हणून ती खूण कागदाच्या अंगात मुरते, खोडून निघत नाही.

वेबपेजमध्येही अशी खूण लपवता येते, मजकूर कुणी बदलला तर कळावं म्हणून. पण वेबपेजला असं अंग कुठलं?

समजा, लासलगावच्या कांद्याचे दर दाखवणारं एक पान आहे. १६ ओळी, ४ रकाने, म्हणजे ६४ चौकटी. कुणी सर्व्हरमध्ये शिरून १८०० चे १३०० केले, तर नुसतं बघून काही कळणार नाही. ब्राउझरमधलं कुलूपही इथे कामाचं नाही. ते सर्व्हरपासून तुमच्यापर्यंतची वाट राखतं, सर्व्हरवरच बदललेला आकडा त्याला खराच वाटतो. आणि कांदा आज काढायचा की चाळीतच ठेवायचा, हे निफाडचा शेतकरी त्याच आकड्यावर ठरवणार.

वेबपेज ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलमध्ये प्रत्येक चौकटीच्या आधी ‘टीडी’ ही दोन इंग्रजी अक्षरं असतात, शेवटी पुन्हा तीच दोन. ती कॅपिटल आहेत की स्मॉल, याच्याशी ब्राउझरला देणंघेणं नसतं. खूण लपते ती इथेच. कॅपिटल म्हणजे १, स्मॉल म्हणजे ०. चौकटीला ४ अक्षरं, ६४ चौकटींची २५६. पानावरचा मजकूर आणि एक गुप्त किल्ली एकत्र करून ‘एसएचए-२५६’ या गणिती पद्धतीतून काढली, की बरोबर २५६ शून्य-एक मिळतात! ते या अक्षरांत बसवायचे. फाइल एका बाइटनंही वाढत नाही, पान दिसायला तसंच राहतं.

तपासताना मजकुरावरून हेच गणित पुन्हा करायचं. एक आकडा जरी बदलला असेल, तरी साधारण निम्मी अक्षरं जुळत नाहीत. नोटेची खूण टिकायला हवी, ही मात्र तुटायला हवी. मला या कल्पनेतलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

प्रत्येक ओळीला तिची वेगळी १६ अक्षरांची खूण दिली, तर नेमकी कुठली ओळ बदलली तेही कळतं. मग बदललेली ओळ चुकून निसटण्याची शक्यता ६५,५३६ मध्ये एक. दुसऱ्या पानावरची खूण उचलून इथे डकवली, वडाची साल पिंपळाला लावली, तरी ती जुळत नाही. पण कालचं अख्खं पान आज जसंच्या तसं ठेवलं तर? खूण बिनचूक जुळेल, दर मात्र शिळे. म्हणून गणितात तारीख, पानाचा पत्ता आणि ओळीचा क्रमांकही धरावा लागतो.

एक त्रास आहेच. पान हलकं करणारे काही प्रोग्राम सगळे टॅग, म्हणजे ‘टीडी’सारखे शब्द, स्मॉल करून टाकतात, आणि मजकूर शाबूत असूनही धोक्याची घंटा वाजते. त्यामुळे खूण अगदी शेवटी घालायची. आणि किल्ली त्याच सर्व्हरवर कधीच ठेवायची नाही. चोराच्या हाती ती लागली, की तो १३०० लिहून त्यावर नवी खूणही घालून देईल.