साध्या गाडीतून पोलिसांनी हात केला तर? आमच्या ग्राहकांसाठी माहिती

आमचं दुकान गाडीचा इन्शुरन्स, पीयूसी आणि आरटीओच्या कामांचं. पोलिसांनी गाडी अडवली की आमच्या बऱ्याच ग्राहकांचा पहिला फोन आम्हाला येतो. "जरा साहेबांशी बोला" म्हणून फोन पोलिसांच्या हातात दिला जातो, नाहीतर "आरसीचा (गाडीच्या नोंदणीच्या कागदाचा) फोटो व्हॉट्सॲपला टाका, पटकन" असा निरोप येतो. तुम्ही हक्काने फोन करता याचा आम्हाला आनंदच आहे. पण या दोन्ही गोष्टींनी तुमची सुटका होत नाही, आणि दुकानात समोर बसलेल्या माणसाचं काम मात्र खोळंबतं. म्हणून सगळं एकदाच लिहून देत आहोत.

सध्या सगळ्यात जास्त विचारलं जातं ते पाटी नसलेल्या गाडीबद्दल. गाडीवर 'पोलीस' लिहिलेलं नाही, दिवा नाही, आतली माणसं साध्या कपड्यांत, थांबायचं का? थांबायचं. स्थानिक गुन्हे शाखेचे कर्मचारी तपासाच्या कामावर साध्या वेशात आणि साध्या गाडीतून फिरतात, त्यामुळे अशी गाडी दिसली म्हणजे माणसं खोटीच असतील असं नाही. पळून जाण्याने तुमच्यावरचा संशय तेवढा वाढतो.

मात्र कागद मागण्याचा नियम वेगळा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३० प्रमाणे लायसन्स दाखवायचं ते गणवेशातल्या पोलिसाला. केंद्रीय मोटार वाहन नियम १३९ मध्ये बाकीच्या कागदांसाठीही गणवेशातला पोलीस किंवा शासनाने अधिकार दिलेला अधिकारी असंच म्हटलं आहे. आरटीओचं वायुवेग पथक, म्हणजे रस्त्यावर फिरून गाड्या तपासणारं पथक, कागद तपासतं ते याच अधिकारात. तेव्हा साध्या कपड्यातल्या माणसाने फक्त लायसन्स आणि आरसी मागितली, तर "साहेब, ओळखपत्र बघू का? नाव आणि पोलीस ठाणं सांगता का?" एवढं शांतपणे विचारावं. यात उद्धटपणा काही नाही. गुन्ह्याच्या तपासासाठी थांबवलं असेल तर पोलिसांना त्याचे वेगळे अधिकार आहेत; तिथे "गणवेश नाही, मी बोलणार नाही" हे चालत नाही.

रात्री साताऱ्याजवळ हायवेवर वाढे फाट्याच्या पुढे किंवा लिंब खिंडीत अशी पाटी नसलेली गाडी मागे लागली तर वेग कमी करा, डावा इंडिकेटर द्या आणि उजेडात थांबा. पेट्रोल पंप, चालू असलेला ढाबा, आनेवाडीचा टोलनाका, यातलं जे जवळ असेल ते. दारं लॉक ठेवा, काच दोन बोटं खाली घ्या आणि ११२ ला फोन लावून ठिकाण आणि त्या गाडीचा नंबर सांगा. खरे पोलीस असतील तर त्याचा राग धरणार नाहीत. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना एक आवर्जून सांगा: "पुढे खून झालाय, चेकिंग चालू आहे, दागिने काढून रुमालात बांधून ठेवा" असं सांगणारा माणूस पोलीस नसतो. तो तोतया. ही चाल जुनी आहे, तरी अजून माणसं फसतात.

आता मुख्य गोष्ट. व्हॉट्सॲपवर आलेला किंवा गॅलरीत ठेवलेला फोटो म्हणजे कागद नव्हे. नोव्हेंबर २०१८ पासून नियम १३९ मध्ये इलेक्ट्रॉनिक स्वरूपातले कागद धरले आहेत, पण ते डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपमध्ये थेट सरकारी नोंदीतून उघडलेले हवेत. तसे उघडले की मूळ कागदाइतकेच चालतात. कागद खरा की खोटा हे नुसत्या फोटोवरून पोलिसांना ठरवता येत नाही. आम्ही फोटो पाठवायचं बंद केलं ते याचसाठी, कुणाला टाळायला नाही.

ॲपच उघडत नाही, ही खरी अडचण आहे, आणि तिचं मूळ बहुतेक वेळा एकच निघतं: आरटीओच्या नोंदीत मोबाईल नंबर दुसऱ्याचाच आहे. शोरूमवाल्याचा, जुन्या मालकाचा, नाहीतर एजंटचा. त्यात आधारवर 'संभाजी' आणि आरसीवर 'संभाजीराव' असेल, तर डिजिलॉकर आरसी देतच नाही. हे हायवेच्या कडेला उभं राहून दुरुस्त होत नाही.

त्याच चुकीच्या नंबरामुळे चलनही कळत नाही. स्पीडगनने फोटो निघतो, तुम्हाला कुणी थांबवतही नाही आणि मेसेज जातो भलत्याच माणसाला. गाडी विकायला काढली की एकदम सगळी चलनं समोर येतात. गाडी आधीच विकली असेल आणि नावावरून उतरवली नसेल, तर दुसऱ्याने केलेली चूकही तुमच्याच नावावर पडते. राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं असतं. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन ते घरात ठेवून देणारे खूप आहेत. कृपा करून तसं करू नका.

काही ग्राहक म्हणतात, "तुमचाच नंबर टाका ना, ओटीपीचा त्रास नको." आम्ही टाकत नाही. त्यापायी एक चक्कर जास्त पडते आणि लोक नाराजही होतात. पण गाडी तुमची, चलन तुमचं, तर मेसेजही तुम्हालाच आला पाहिजे.

दंड रोख दिला आणि पावती मिळाली नाही, तर तो सरकारजमा झाला असं समजू नका. लायसन्स ताब्यात घेतलं तर कलम २०६ प्रमाणे तात्पुरती पोच मागून घ्या. लायसन्स परत मिळेपर्यंत किंवा पोचेवर लिहिलेल्या तारखेपर्यंत तिच्यावर गाडी चालवता येते. चलन चुकीचं वाटलं तर रस्त्यावर वाद घालण्यापेक्षा वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक ॲपवर तक्रार टाका. व्हॉट्सॲपवर 'आरटीओ चलन' नावाची एपीके फाईल (फोनमध्ये ॲप बसवणारी फाईल) आली तर उघडूच नका, बँक खातं रिकामं होतं.

आमच्याकडे इन्शुरन्स किंवा पीयूसी करणाऱ्यांची चलनं तपासून देणं आणि ॲपमध्ये कागद उघडून देणं याचे आम्ही वेगळे पैसे घेत नाही. मोबाईल नंबर बदलणं, नावातली दुरुस्ती आणि ट्रान्सफर यांची सरकारी फी आणि आमचा आकार वेगवेगळा लिहून देतो. येताना आधार कार्ड, आरसी आणि आधारला जोडलेला मोबाईल बरोबर आणा. मोबाईल मुलाकडे पुण्यात असेल, तर ओटीपी सांगायला तो फोनवर मिळेल अशी वेळ ठरवूनच या.