‘तुरळक पाऊस’ आणि ‘तुरळक ठिकाणी पाऊस’

सप्टेंबर सरत आला की हवामान विभागाच्या अंदाजात एक ओळ जवळजवळ रोज दिसते: ‘मराठवाड्यात तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम स्वरूपाचा पाऊस पडण्याची शक्यता.’ गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचेपर्यंत तिचं ‘मराठवाड्यात तुरळक पाऊस’ झालेलं असतं. टीव्हीवरच्या खालच्या पट्टीत तर ‘तुरळक सरी’. ‘ठिकाणी’ हा शब्द जागा वाचवायला गाळतात, आणि नेमका तोच शब्द त्या ओळीचा जीव असतो. वर्षानुवर्षं हे पाहून मी थकले आहे, म्हणून आज सविस्तर लिहिते.

पाऊस किती पडेल हे सांगणारे शब्द तुम्हाला माहीत आहेत. 24 तासांत 2.5 ते 15.5 मिलिमीटर म्हणजे हलका, 15.6 ते 64.4 म्हणजे मध्यम, 64.5 पासून मुसळधार, 115.6 पासून अति मुसळधार आणि 204.5 च्या पुढे अत्यंत मुसळधार. हे 24 तास सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असे धरतात. यात कुणाचा फारसा गोंधळ होत नाही.

गोंधळ होतो तो दुसऱ्या चार शब्दांचा. तुरळक ठिकाणी, काही ठिकाणी, बऱ्याच ठिकाणी, बहुतांश ठिकाणी. हे शब्द पावसाच्या मापाचे नाहीतच, ते जागेचे आहेत. एखाद्या हवामान उपविभागात, म्हणजे मराठवाड्यासारख्या काही जिल्ह्यांच्या पट्ट्यात, जेवढी पर्जन्यमापक केंद्रं आहेत, त्यातल्या किती केंद्रांवर पाऊस नोंदला जाईल, एवढंच ते सांगतात. चारातल्या एकापर्यंत, म्हणजे 25 टक्क्यांपर्यंत केंद्रं असली तर ‘तुरळक ठिकाणी’. 26 ते 50 टक्के असली तर ‘काही ठिकाणी’, 51 ते 75 टक्के असली तर ‘बऱ्याच ठिकाणी’ आणि त्याहून जास्त असली तर ‘बहुतांश ठिकाणी’. ज्या ठिकाणी पाऊस पडेल तिथे तो किती पडेल, याबद्दल या चार शब्दांत अक्षरही नाही.

आपण रोजच्या बोलण्यात ‘तुरळक गर्दी’ म्हणतो तेव्हा गर्दी कमी आहे असंच म्हणायचं असतं. त्याच सवयीने ‘तुरळक पाऊस’ वाचलं की मन ‘थोडाच पाऊस’ असं धरून बसतं. पण गावात तुरळक घरी लग्न आहे म्हटलं, तर त्या घरचं लग्न लहान आहे असा अर्थ होतो का? ज्या दारात मांडव पडलाय तिथे पाचशे पानं उठणारच. पावसाचंही तसंच आहे.

आमच्या लातूरकडचीच गोष्ट सांगते. एका वर्षी पितृपंधरवड्यात अण्णांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, दोन एकरातलं सोयाबीन कापून बनीम, म्हणजे कापलेल्या पिकाचा ढीग, लावली होती. मळणी यंत्राचा नंबर परवावर होता. ताडपत्री घरातच होती, पण सकाळी ग्रुपवर ‘आज तुरळक पाऊस’ आलं. अण्णा म्हणाले, “तुरळकच हाय, चार थेंबानं काय व्हतंय, वारं लागू दे जरा.” दुपारपर्यंत कडक ऊन होतं. चारच्या सुमाराला उगवतीकडून काळंभोर आभाळ चढलं, थंड वारं सुटलं आणि मग जो पाऊस सुरू झाला तो पाऊण तास हटला नाही. ताडपत्री घेऊन धावेपर्यंत बनीम आतपर्यंत भिजली होती. शेतात सरळ कडांचा एक रिकामा डबा उघडा पडला होता. त्यात अडीच बोटं पाणी साठलं होतं, म्हणजे अंदाजे 40 मिलिमीटर. ओढ्यापलीकडच्या शिवारात मात्र त्याच वेळी मळणी यंत्राची धूळ उडत होती. तिकडे एक थेंब नव्हता.

चार दिवसांनी बनीम उकलली तेव्हा आतून वाफ आली. शेंगा काळ्या पडल्या होत्या, कितीतरी दाण्यांना कोंब फुटले होते. आडतीवर त्या मालाचा भाव पडला तो पडलाच. त्या दिवशी सकाळी अण्णांनी मूळ अंदाज वाचला असता तर ‘तुरळक ठिकाणी हलका ते मध्यम, विजांच्या कडकडाटासह’ अशी पूर्ण ओळ दिसली असती. आणि ती अगदी खरी ठरली होती. ठिकाणं तुरळकच होती, आमचं शेत त्यातलं एक होतं. 40 मिलिमीटर हा विभागाच्या मापात मध्यमच पाऊस.

मध्यम या शब्दानेही गाफील राहू नका. ते माप पूर्ण 24 तासांचं आहे. जुलैत 40 मिलिमीटर दिवसभर झिरपत पडले तर रानाला बरं वाटतं. तेच पाणी पाऊण तासात आलं तर बांध फुटतो. एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. या हिशेबाने 40 मिलिमीटर म्हणजे एका एकरावर सुमारे 1 लाख 60 हजार लिटर पाणी. आणि कागदावर तो पाऊस मध्यम! महसूल खात्याच्या भाषेत अतिवृष्टी धरायला महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, 24 तासांत 65 मिलिमीटर व्हावे लागतात, तेव्हा त्या हिशेबातही तो बसत नाही.

या दिवसांत पाऊस असा तुकड्यातुकड्यांनी का पडतो? जुलैत अरबी समुद्रावरून भरलेलं वारं सलग येतं, ढगांची चादर जिल्हेच्या जिल्हे झाकते. सप्टेंबरअखेर ते वारं मंदावतं. पण जमिनीत ओल असते, हवेत बाष्प उरलेलं असतं आणि आभाळ मोकळं झाल्यामुळे ऊन तापतं. तापलेली ओलसर हवा दुपारनंतर सरळ वर चढते आणि एकेकटे उंच ढग उभे राहतात. असा ढग आडवा काही किलोमीटरचाच असतो, पण उंची दहा-बारा किलोमीटर आणि त्याहूनही जास्त होते. तो ज्या गावावर उभा राहील तिथे धो धो ओततो, शेजारच्या गावाला नुसतं गार वारं लागतं. हा ढग नेमका कुठल्या शिवारावर उभा राहील हे आदल्या दिवशी सांगता येत नाही, म्हणून तर अंदाजात ‘तुरळक ठिकाणी’ लिहितात. ते वाचून निर्धास्त व्हायचं की सावध, हे शब्द नीट वाचण्यावर आहे.

आता सात दिवसांचा अंदाज घ्या. आठवडा दिसायला सौम्य: कमाल तापमान तिशीच्या आसपास, सकाळी हलकं धुकं, आणि सातही दिवसांसमोर ‘तुरळक ठिकाणी’. लोक म्हणतात, चला, आठवडा मोकळा मिळाला. ढोबळ हिशेब करून पाहा. रोज उपविभागातल्या 15 टक्के ठिकाणी पाऊस पडतो असं धरू आणि रोजची ठिकाणं वेगळी. म्हणजे तुमचं गाव एका दिवशी कोरडं राहण्याची शक्यता 85 टक्के. पण सातही दिवस कोरडं राहण्याची शक्यता जेमतेम 32 टक्के. तीनातल्या दोन गावांत आठवड्यात एकदा तरी पाऊस होणार. काढणीचं नियोजन याच आकड्यावर करायला हवं, आणि माझ्या मते सोयाबीनवाल्याने या दिवसांत ताडपत्रीशिवाय बनीम लावूच नये.

मोबाइलमधल्या ॲपवरचे ‘पाऊस 40%’ हे आणखी वेगळं प्रकरण आहे, पण सोपं आहे. ती तुमच्या ठिकाणी पाऊस येण्याची शक्यता आहे, पावसाचा जोर नाही. 40 टक्के जोराचा पाऊस असं काही नसतं.

उपविभागाचं नावही नीट वाचा. ‘मध्य महाराष्ट्र’ वाचून नकाशाच्या मधोमध बोट ठेवू नका. हवामान विभागाच्या लेखी त्यात नंदुरबार-जळगावपासून कोल्हापूर-सोलापूरपर्यंतचे दहा जिल्हे येतात. लातूर, बीड, जालना वगैरे आठ जिल्हे मराठवाड्यात.

‘मान्सूनची माघार सुरू’ ही बातमीही अशीच चुकीची वाचली जाते. माघार राजस्थानच्या वायव्य टोकातून सुरू होते, तिची सर्वसाधारण तारीख 17 सप्टेंबर. मुंबईहून निघायची सर्वसाधारण तारीख 8 ऑक्टोबर. मधल्या दिवसांत आपल्याकडे पाऊस येतोच, त्यालाच आपण परतीचा पाऊस म्हणतो. हस्त नक्षत्र याच काळातलं. जुन्या लोकांना ‘हत्ती’ कसा कोसळतो हे सांगावं लागत नाही.

पाऊस अपेक्षितच नसेल तेव्हा विभाग तसं स्पष्ट लिहितो: ‘हवामान कोरडे राहण्याची शक्यता.’ मळणीसाठी मी फक्त याच शब्दावर विसंबते. ‘तुरळक’ला ‘कोरडे’ समजणं म्हणजे ज्या दिवशी सावध राहायचं त्याच दिवशी ताडपत्री घरात ठेवणं.

ओळ वाचताना क्रम ठेवा. आधी उपविभाग, मग ठिकाणं किती, मग जोर किती, आणि शेवटी ‘मेघगर्जना व विजांच्या कडकडाटासह’ आहे का. हे शेवटचे शब्द दिसले की दुपारी तीननंतर उघड्या रानात, झाडाखाली थांबायचं नाही. त्या दिवशी सकाळच्या अंदाजावर न थांबता दुपारी पुढच्या तीन तासांचा तात्कालिक अंदाज बघा. विजेच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप फोनमध्ये असू द्या. ग्रुपवर पुढे पाठवायचं असेल तर मूळ ओळ जशीच्या तशी पाठवा, शब्द कमी करू नका.

अण्णा आता रोज सकाळी मला फोन करून एकच विचारतात, “ताई, आज ‘कोरडे’ लिहिलंय का?” मी नाही म्हटलं की दुपारी दोनच्या आत बनीम झाकलेली असते, चारही कोपऱ्यांवर दगड आणि मधून दोरी.