वडिलांची स्मृतिपुस्तिका करायची आहे? कामाला लागण्याआधी एवढं वाचा

आमचा कराडचा छापखाना मुळात लग्नपत्रिकांचा आणि बिलबुकांचा. अलीकडे वर्षश्राद्धाला वाटायच्या पुस्तिकांचं काम वाढलं आहे. बहुतेक वेळा मुलं किंवा मुली येतात. मोबाईलमध्ये आठ-दहा फोटो असतात आणि प्रश्न ठरलेला: "मजकूर तुमच्याकडे तयार असेल ना?"

असतो. प्रेमळ, मनमिळाऊ, कष्टाळू, सर्वांना हवेहवेसे. नाव बदललं की झालं. पण असल्या पुस्तिका पुढे टीव्हीखालच्या खणात बिलांबरोबर पडून राहतात, हे आम्ही ग्राहकांच्याच घरी पाहिलंय. म्हणून हे पत्रक.

आधी आईंना विचारा

मुलांना वडील आठवतात ते आपल्या जन्मानंतरचे, तेही घरी असतील तेवढेच. त्याआधीचा माणूस फक्त आईंना माहीत असतो. आणि नेमकं त्यांनाच कुणी विचारत नाही. "तिला त्रास नको" म्हणून सगळं परस्पर ठरतं. आमचा अनुभव उलटा आहे. बोलायला मिळालं की त्यांना बरं वाटतं, फक्त प्रश्न नीट हवा.

"बाबा कसे होते?" असं विचारलं की "चांगले होते" एवढंच उत्तर येतं. एक आजी अशाच गप्प बसल्या होत्या. त्यांना विचारलं, सकाळी घरात पहिला आवाज कशाचा यायचा? त्या लगेच म्हणाल्या, "बंबाचा. नारळाच्या शेंड्या घालून ते स्वतः पेटवायचे. राख काढताना झाकण वाजू नये म्हणून खाली फडकं धरायचे, मला जाग येईल म्हणून." शेजारी बसलेल्या मुलाला हे पहिल्यांदाच कळत होतं. पुस्तिकेचं पहिलं पान तिथेच मिळालं.

असेच साधे प्रश्न विचारा. पगार झाल्यावर पहिल्यांदा काय आणायचे? कुणाच्या घरी जायला टाळायचे? चहात साखर किती? रेकॉर्डिंग करणार असाल तर आधी त्यांना सांगून करा. त्या "हे छापू नको" म्हणाल्या तर ते छापायचं नाही. यात मुलांचं मत आम्ही धरत नाही, आधीच सांगून ठेवतो.

आणखी एक. वडील तापट होते हे सगळ्या गल्लीला माहीत असतं. पुस्तिकेत "अत्यंत शांत स्वभावाचे" असं छापलं की वाचणारे एकमेकांकडे बघतात. "तापट होते, पण जेवायला बसेपर्यंत राग उतरायचा" हे वाक्य खरं असेल तर तेच द्या.

तारखांचा घोळ

आमचे सगळ्यात जास्त प्रूफ (छापण्याआधी तपासायला देतो तो नमुना) इथेच अडतात. त्या पिढीत निम्म्या लोकांची जन्मतारीख 1 जून असते की काय, असं वाटावं इतके 1 जून आमच्याकडे येतात. शाळा जूनमध्ये भरायची, मास्तर वय बसवून तारीख टाकायचे, आणि तीच पुढे दाखल्यावर, नोकरीत, पेन्शनमध्ये चालू राहायची. एका एसटी कंडक्टरांचीही हीच तारीख होती. त्यांचा मुलगा म्हणाला, आजी सांगायची, "नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशीचा." वर्ष नक्की असेल तर जुन्या पंचांगावरून खरी तारीख काढता येते, आणि आम्ही दोन्ही छापतो. पण मुलाने 1 जून वर ठेवायला सांगितली. एसटीची पहिली गाडी नगरहून पुण्याला धावली तीही 1 जून 1948 लाच. वडील ही गोष्ट प्रत्येक नव्या ड्रायव्हरला सांगायचे.

घरातली मोठी माणसं साल सांगत नाहीत, प्रसंग सांगतात. आपल्या भागात "भूकंपाच्या साली" म्हणजे कोयनेचा भूकंप, 11 डिसेंबर 1967. पण माहेर लातूरकडचं असेल तर भूकंप 1993 चा, म्हणून कुठला ते विचारून घ्या. "दुष्काळात" म्हणजे बहुधा 1972. पुण्याकडचे "पुरात" म्हणाले तर पानशेत, 12 जुलै 1961. मुंबईला गिरणीत असलेले "संपाच्या आधी, संपाच्या नंतर" असंच मोजतात. तो संप जानेवारी 1982 चा. यावरून लग्न, बदली, घर बांधलं ती सालं बरोबर लागतात. फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का असेल तर तोही बघा.

वर्षश्राद्ध तिथीने असतं, हे ऑर्डर देताना हमखास विसरलं जातं. साधारण वर्षी तिथी इंग्रजी तारखेच्या सुमारे 11 दिवस आधी येते. मध्ये अधिक मास आला तर 18-19 दिवस पुढे जाते. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आहे. गुरुजींकडून दिवस पक्का करा आणि मगच आमच्याकडे या.

नावाआधी काय लिहायचं ते घरच्यांनी ठरवायचं. आम्ही आपोआप "कै." टाकत नाही. माळकरी घरात वै. (वैकुंठवासी) लागतं, बौद्ध घरात कालकथित, मुस्लिम घरात मरहूम. एकदा आमच्याकडून चुकीचं छापलं गेलं होतं. सगळ्या प्रती स्वखर्चाने परत काढल्या, आणि तेव्हापासून फॉर्मवर हा रकाना आहे.

फोटो

व्हॉट्सअॅपवर पाठवायचे असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर बारीक होऊन येतात. फोटोचा मोबाईलवर काढलेला फोटो नको. त्यात ट्यूबलाइट चमकते. मूळ फोटो आणा, आम्ही 600 डीपीआयला स्कॅन करून तुमच्यासमोर परत देतो. चिकट पानांच्या आल्बममधून फोटो ओढून काढू नका आणि फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो सोडवू नका. आल्बम, फ्रेम जशी आहे तशी आणा.

निवृत्तीच्या दिवशीचा, गळ्यात हार आणि हातात नारळ असलेला फोटो सगळेच देतात. तो असू दे. पण सायकलचं पंक्चर काढताना, अंगणात बनियनवर पेपर वाचताना असा एखादा सापडला तर तो मोठा छापू. हस्ताक्षर तर आणाच: पोस्टकार्ड, किराणा यादी, डायरीतला दूधवाल्याचा हिशेब.

काळ्या-पांढऱ्या फोटोत रंग भरून मिळतो, पण कॉम्प्युटर रंग अंदाजाने भरतो. एका लग्नाच्या फोटोत त्याने शालू हिरवा केला. आईंनी प्रूफ बघितलं आणि चष्मा काढून म्हणाल्या, "हिरवा नव्हता. डाळिंबी होता. यांनीच निवडला होता, सासूबाईंना आवडला नव्हता." रंग बदलला, आणि ते वाक्य फोटोखाली घातलं. मिटलेले डोळे उघडून देणं, चेहऱ्यावर हसू आणणं ही कामं आम्ही घेत नाही.

कागद, पानं, वेळ

सेंटर पिनच्या (मधोमध पिना मारलेल्या) पुस्तिकेत पानं चारच्या पटीत लागतात: 12, 16, 20. बहुतेकांना 16 पुरतात. आर्ट पेपरवर फोटो उठून दिसतात, पण दिव्याखाली तो चमकतो आणि वयस्कर माणसांना वाचायला त्रास होतो. मजकूर जास्त असेल तर मॅपलिथो (न चमकणारा साधा कागद) घ्या, स्वस्तही पडतो. अक्षर 14 पॉइंटच्या खाली आम्ही ठेवत नाही. वाचणारे बहुतेक त्यांच्याच वयाचे असतात. थोड्या प्रती डिजिटलवर निघतात, तीनशेच्या पुढे ऑफसेट परवडतं. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल आमच्याकडे उघडल्यावर जोडाक्षरं फुटतात, म्हणून युनिकोडमध्ये द्या किंवा सरळ हाताने लिहून आणा.

मजकूर आणि फोटो कार्यक्रमाच्या किमान तीन आठवडे आधी हवेत. प्रूफ दोनदा मिळेल. त्यातलं एक आईंनी वाचायचं, किंवा कुणीतरी त्यांना वाचून दाखवायचं.

आईंना घेऊन येणार असाल तर दुपारी 2 ते 4 मध्ये या. तेव्हा मशीन बंद असतं आणि बोललेलं ऐकू येतं. दुकानाला दोन पायऱ्या आहेत. हाक मारा, खुर्ची बाहेर आणून देऊ.