दिवाळीचा तो ‘नासाचा फोटो’

लक्ष्मीपूजन झालं रे झालं की व्हॉट्सअ‍ॅपवर तो फोटो हजर! काळोखात भारताचा नकाशा, त्यावर पांढरे, निळे, हिरवे, लाल ठिपके, आणि खाली ‘दिवाळीच्या रात्री नासाने टिपलेला भारत’.

तो एका रात्रीचा नाहीच. समुद्र आणि हवामानाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेच्या ‘नोआ’ या संस्थेतले शास्त्रज्ञ ख्रिस एल्व्हिज यांनी वस्ती कशी वाढत गेली हे दाखवायला २००३ मध्ये अनेक वर्षांच्या उपग्रह-नोंदी एकत्र करून ते चित्र बनवलं. रंगही फटाक्यांचे नव्हेत, सालांचे आहेत. १९९२ च्या आधीपासून उजळलेला भाग पांढरा. १९९२ मध्ये नव्याने दिसलेले दिवे निळे, १९९८ चे हिरवे, २००३ चे लाल. म्हणूनच लाल रंग जुन्या शहरांच्या मध्यभागी नाही, कडेकडेने दिसतो. रोषणाई मध्यवस्तीत काय कमी असते?

नासाने खरा फोटोही दिला होता, १२ नोव्हेंबर २०१२ च्या रात्रीचा, सुओमी एनपीपी उपग्रहाचा. त्यात भारत नेहमीसारखाच पिवळसर. दिवाळीचा जादा उजेड इतका थोडा की अंतराळातून बहुधा जाणवणारच नाही, असं नासाने सोबत स्पष्ट लिहिलं. हा खुलासा मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.

सणाचा उजेड कधीच दिसत नाही असंही नाही. याच उपग्रहाला नाताळात अमेरिकेतली कित्येक शहरं २० ते ५० टक्के जास्त उजळलेली आढळली. आणि २०१७ च्या मारिया वादळानंतर कॅरिबियन समुद्रातल्या पोर्तो रिको बेटावर कुठल्या वस्तीत वीज परतलेली नाही, तेही अशाच रात्रीच्या चित्रांवरून पाहिलं गेलं.