ग्राउट की सिलिकॉन? ओट्यामागच्या दोन सारख्या दिसणाऱ्या रेघा

जुनाट दिसणाऱ्या स्वयंपाकघरात टाइल्स बहुतेक वेळा शाबूत असतात. थकलेले असतात ते त्यांच्यामधले सांधे: फोडणीच्या वाफेने तपकिरी झालेल्या रेघा, सिंकच्या कडेची काळी बुरशी, ओटा आणि भिंत मिळतात तिथली उघडी भेग. एवढं नीट केलं तरी कपाटं, फरशी, नळ यांतलं काहीही न बदलता खोली उजळते. शिवाय लागतं थोडंसंच सामान आणि दोन-तीन दिवसांचं काम.

हे काम फसतं ते एकाच कारणाने. लागतात दोन वेगळे माल, सिमेंटचं कडक ग्राउट आणि रबरासारखं सिलिकॉन. पण रेघा सगळ्या सारख्याच दिसतात, म्हणून सगळीकडे एकच माल भरला जातो. मिस्त्री टाइल्समध्ये ग्राउट भरता भरता तेच हाताने कोपऱ्यातही दाबतो, आणि काही महिन्यांत कोपरा तडकतो. दुसरीकडे कोणी ट्यूब हाताशी आहे म्हणून टाइल्समधल्या फटींतही सिलिकॉन ओढतं. त्या मऊ रेघेवर तेलकट धूळ चिकटून बसते, आणि ती काढून पुढे ग्राउट भरायचं म्हटलं तर टाइलच्या कडेला राहिलेल्या सिलिकॉनच्या पापुद्र्यावर ग्राउट धरत नाही.

ग्राउट म्हणजे सिमेंट, बारीक वाळू किंवा दगडाची पूड, रंग आणि पॉलिमर यांचं मिश्रण. पाण्यात कालवलं की ते दगडासारखं घट्ट होतं. टाइलच्या कडांना आधार देणं आणि फट भरून काढणं हे त्याचं काम. ते ताणलं जात नाही. सिलिकॉन म्हणजे रबर. ट्यूबमधून बाहेर आल्यावर ते हवेतली आर्द्रता घेऊन पक्कं होतं आणि दोन्ही कडांना धरून आत-बाहेर होऊ शकतं. आयएसओ 11600 या मानकातला 25 वर्ग म्हणजे सांध्याच्या रुंदीच्या 25 टक्के हालचाल दोन्ही बाजूंना सोसणारं सीलंट. 6 मिमीच्या फटीत ते दीड मिमी ताणलं आणि दीड मिमी दाबलं तरी सुटायला नको. ग्राउटला याच्या दहाव्या हिश्श्याएवढी हालचालही झेपत नाही.

आता ओट्याचा कोपरा पाहा. भिंत एक वस्तू, ओटा दुसरी. ओट्याखालची पार्टिकल बोर्डची किंवा प्लायची कपाटं दमट हवेत फुगतात, कोरड्या हवेत आक्रसतात. 30 लिटरचं सिंक भरलं की ओट्यावर 30 किलो वजन आलं, रिकामं केलं की गेलं. स्टेनलेस स्टील तापल्यावर सिरॅमिक टाइलच्या साधारण दुप्पट किंवा त्याहून जास्त पसरतं. ही सगळी हालचाल मिळून केसाएवढीच होते, पण होते नेमकी त्या एका रेघेवर. तिथे कडक माल असेल तर तो कुठेतरी सुटणारच. मग त्या बारीक भेगेतून पाणी मागे उतरतं, आणि बोर्ड एकदा फुगला की वाळल्यावरही मूळ मापावर येत नाही. टाइल बसवण्याच्या मानक पद्धतींत पृष्ठभागाची दिशा बदलते तिथे लवचिक सांधा ठेवायला सांगतात, ते यासाठीच.

म्हणून ठरवायचं कसं, तर रेघेच्या दोन्ही बाजूंना काय आहे ते पाहून. दोन्हीकडे टाइल आणि दोन्ही एकाच सपाटीत असतील तर ग्राउट. दिशा बदलत असेल (भिंत आणि ओटा, भिंत आणि भिंत) किंवा साहित्य बदलत असेल (टाइल आणि स्टील, दगड आणि लाकूड, टाइल आणि खिडकीची चौकट) तर सिलिकॉन. इपॉक्सी ग्राउट (सिमेंटऐवजी रेझिनचे दोन भाग मिसळून केलेलं) मजबूत असतं म्हणून कोपऱ्यात चालेल, असंही नाही. ते पाणी शोषत नाही आणि डाग धरत नाही, पण कडक तेही आहेच.

आधी आहे ते ओळखा

नखाने दाबून बघा. दबून परत वर आलं तर ते सिलिकॉन किंवा तसलंच सीलंट. नखाखाली भुगा आला तर सिमेंटचं ग्राउट किंवा नुसता पांढरा सिमेंट. नुसत्या सिमेंटमध्ये वाळू आणि पॉलिमर नसल्यामुळे सुकताना तो जास्त आक्रसतो आणि कडेपासून सुटतो. असा भरलेला असेल तर तो काढलेलाच बरा. टणक, किंचित प्लास्टिकसारखं लागलं आणि त्यावर टाकलेला पाण्याचा थेंब पाच मिनिटांनीही तसाच राहिला तर बहुधा इपॉक्सी. साधं ग्राउट असेल आणि वरून सीलर (पाणी आणि डाग मुरू न देणारा द्रव) लावलेला नसेल तर थेंब मुरतो आणि तेवढी जागा गडद होते.

काळेपणाचाही अर्थ दोन्हीकडे वेगळा. ग्राउटवरचा काळा-तपकिरी रंग बहुतेकदा तेल आणि धूळ यांचा थर असतो, म्हणजे नवीन भरायची गरजच नसते. आधी कोमट पाणी आणि भांडी घासायच्या साबणाने चिकटा काढा. मग एक लिटर गरम पाण्यात दोन मोठे चमचे सोडियम परकार्बोनेट (ऑक्सिजन ब्लीच) विरघळवून रेघांवर 15-20 मिनिटं ओलं ठेवा, नायलॉनच्या ब्रशने घासा आणि धुऊन टाका. हातमोजे घाला. चिकटा न काढता थेट ब्लीच लावलं तर ते तेलाच्या थरावरच अडतं. व्हिनेगर किंवा लिंबू इथे वापरू नका. आम्ल सिमेंट खातं, रेघ पहिल्या दिवशी पांढरी दिसते आणि मग आणखी सच्छिद्र होऊन दुप्पट मळते. साफ करूनही रंग एकसारखा झाला नाही, पण ग्राउट घट्ट असेल, तर ग्राउटवर लावायचा रंग मिळतो. तोही पुरतो.

सिलिकॉनवरचे काळे ठिपके मात्र बुरशीचे असतात आणि ते पुष्कळदा आतून किंवा मागून आलेले असतात. ब्लीचने वरचे पुसट होतात, थोड्या दिवसांत पुन्हा दिसतात. अशी रेघ कापून काढायची आणि नवी ओढायची. (क्लोरीनचं ब्लीच वापरत असाल तर त्याच दिवशी त्याच जागी आम्ल किंवा अमोनिया असलेलं काहीही नको, विषारी वायू तयार होतो.)

ग्राउट बदलायचं असेल तर

जुन्या ग्राउटवर नवा पातळ हात फिरवणं हा सगळ्यात मोहाचा आणि सगळ्यात वाया जाणारा उपाय. एक मिमीचा थर धरत नाही, त्याचे पोपडे निघतात. जुनं ग्राउट टाइलच्या जाडीच्या दोन-तृतीयांश खोलीपर्यंत काढायचं, निदान 2-3 मिमी तरी. हाताची ग्राउट-करवत थोड्या कामाला पुरते. भिंत मोठी असेल तर ऑसिलेटिंग टूल (थरथरत्या पात्याचं विजेचं हत्यार) घ्या, पण पातं फटीच्या मधोमध ठेवा. टाइलची झिलई एकदा उडाली की ती झाकता येत नाही. कोपऱ्यातलं ग्राउट याच वेळी पूर्ण काढून टाका, तिथे ते परत भरायचं नाही.

3 मिमीपेक्षा अरुंद फटीला बिनवाळूचं ग्राउट, त्याहून रुंदीला वाळूचं. पाकिटावर आयएसओ 13007 नुसार सीजी2 (CG2) आणि त्यापुढे डब्ल्यू (W) असेल तर ते पाणी कमी शोषतं. ओट्यामागे तसंच घ्यावं. किती लागेल ते असं काढा: टाइलची लांबी आणि रुंदी यांच्या बेरजेला त्यांच्या गुणाकाराने भागा, त्याला फटीच्या रुंदीने, खोलीने आणि 1.6 ने गुणा. सगळी मापं मिमीत घेतली की उत्तर एका चौरस मीटरला लागणारे किलो. 100 बाय 100 ची टाइल, 3 मिमी फट, 8 मिमी खोली धरली तर साधारण 0.77 किलो, आणि 300 बाय 600 च्या टाइलला फक्त 0.19 किलो. वाया जाणारं धरून दहा टक्के जास्त घ्या.

पाणी पाकिटावर लिहिलंय तेवढंच, मोजून. टूथपेस्टसारखं दाट कालवा, 5-10 मिनिटं मुरू द्या, पुन्हा हलवा. घट्ट व्हायला लागलं म्हणून वरून पाणी घालू नका. जास्तीचं पाणी उडून गेल्यावर आत छिद्रं राहतात, रेघ भुसभुशीत होते आणि रंग कुठे फिका, कुठे गडद येतो. फटी किंचित ओलसर करा, पाणी साचलेलं नको. रबरी थापी फटींना तिरकी धरून माल दाबून भरा आणि वरचा जादा माल तिरकाच ओढून घ्या. 15 ते 30 मिनिटांनी, बोटाला लागेनासं झालं की, घट्ट पिळलेल्या स्पंजने तिरकं पुसा. ग्राउटचं काम सगळ्यात जास्त बिघडतं ते इथेच: गळका स्पंज सिमेंट आणि रंग दोन्ही धुऊन नेतो. टाइलवर उरलेली पांढुरकी झाक थोड्या वेळाने कोरड्या फडक्याने जाते. 24 तास पाणी लागू देऊ नका. सीलर लावायचा असेल तर ग्राउट पूर्ण सुकल्यावर, साधारण दोन-तीन दिवसांनी.

शेगडीच्या मागच्या भागापुरतं इपॉक्सी घेणं योग्य ठरतं, कारण तेल त्यात मुरत नाही. मात्र ते दोन भाग मिसळल्यावर अर्ध्या-पाऊण तासात हाताबाहेर जातं, डब्यात गोळा ठेवला तर आणखी लवकर. थोडं थोडं कालवा आणि टाइलवरची झाक लगेच काढा. सुकल्यावर ती घासून निघत नाही.

सिलिकॉन ओढताना

क्रम महत्त्वाचा आहे: ग्राउट आधी, ते सुकल्यावर सिलिकॉन. उलट केलं तर ग्राउट धुताना सिलिकॉनवर सिमेंटचा राप बसतो.

ट्यूब निवडताना वासाचा प्रश्न विचारा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना ॲसिटिक आम्ल सोडतं. काच आणि चकचकीत टाइलवर ते उत्तम धरतं, पण संगमरवरावर डाग पाडतं, सिमेंटवर नीट चिकटत नाही आणि तांबं-पितळ गंजवतं. दगडी ओट्याला न्यूट्रल (आम्ल न सोडणारं) सिलिकॉनच घ्या, त्यातही दगडासाठी म्हणून लिहिलेलं. साध्यातलं तेल सच्छिद्र दगडात झिरपून कडेला ओला दिसणारा पट्टा पडू शकतो. ओल्या जागेसाठी सॅनिटरी प्रतीचं असावं, त्यात बुरशीरोधक असतो. तारीखही बघा, मुदत संपलेली ट्यूब दिवसेंदिवस चिकटच राहते. शेजारीच तशाच ट्यूबमध्ये ॲक्रिलिक सीलंट असतं. त्यावर रंग मारता येतो, म्हणून कपाटाचं वरचं टोक आणि भिंत यांत ते बरं. सिंकजवळ ते आक्रसतं आणि सुटतं.

जुनं सिलिकॉन दोन्ही कडांनी ब्लेडने कापून पट्टीसारखं ओढा, उरलेलं प्लास्टिकच्या स्क्रेपरने खरवडा. सुकलेल्या सिलिकॉनवर सहसा काहीच नीट धरत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा. चकचकीत टाइलवर पाणी शिंपडल्यावर एखाद्या पट्ट्यातच थेंब गोळा होऊन घरंगळत असतील तर तिथे पापुद्रा उरलाय. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपा. फट ओली असेल तर एक दिवस थांबा.

खोल फटीत आधी फोमची दोरी दाबा. सिलिकॉन फक्त समोरासमोरच्या दोन कडांना चिकटायला हवं. ते तळालाही चिकटलं तर ताण पडल्यावर मोकळेपणाने लांबत नाही आणि फाटतं. कोपऱ्यातल्या रेघेला दोन्ही बाजूंना निदान 5-6 मिमी पकड मिळायला हवी. दोन्हीकडे मास्किंग टेप लावा, नोझल 45 अंशांत आणि फटीपेक्षा थोडं लहान कापा, एका दाबाने ओढा. एका वेळी मीटर-दीड मीटरच, कारण 10 मिनिटांच्या आसपास साय धरायला लागते. लगेच एकदाच बोट किंवा पट्टी फिरवा आणि साय धरायच्या आत टेप सोडवा. साबणाचं पाणी वापरायचंच असेल तर सिलिकॉन पूर्ण भरल्यावर. आधी शिंपडलं तर ते खाली शिरतं आणि पकडच जाते. 300 मिलीची ट्यूब 6 मिमीच्या तिकोनी रेघेला साधारण 16 मीटर पुरते, म्हणजे बहुतेक ओट्यांना एकच लागते.

रंग जुळवताना लक्षात ठेवा की ग्राउट सुकल्यावर फिकं होतं, सिलिकॉनचा रंग जवळपास तोच राहतो. म्हणून ग्राउट सुकू द्या आणि मग त्याच्याशी ट्यूब जुळवा.

सिलिकॉन दिवसाला 2-3 मिमी खोलीपर्यंतच पक्कं होतं. 24 तास पाणी नको, जाड रेघेला दोन दिवस. उरलेली ट्यूब ठेवताना नोझलच्या टोकाबाहेर दोन सेंटीमीटर माल येऊ द्या आणि तसाच सुकू द्या. पुढच्या वेळी तो बुचासारखा ओढून निघतो आणि आतलं मऊ मिळतं.