उन्हाळी शिबिराची पंगत: बेळगाव सीमाभागातल्या चर्च-शिबिरांची पार्श्वभूमी

एप्रिलच्या सुमारास कर्नाटकातल्या शाळांना सुट्टी लागते आणि बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या चर्चमध्ये रविवारच्या उपासनेनंतर एक ठरलेली सूचना ऐकू येते. शिबिराची नावं द्या. येताना ताट, वाटी, पेला, अंथरूण-पांघरूण, बायबल आणि गीतपुस्तक घेऊन या. बाहेरच्याला वाटतं, सुट्टीत पोरांना गुंतवून ठेवायची ही सोय. शिबिर भरवणारेही बऱ्याचदा तेवढंच सांगतात. पण त्या चार-पाच दिवसांत मुलं गटागटाने बसतात, एका पंगतीत जेवतात, पाळीपाळीने झाडलोट करतात, टाळ-पेटीवर भजनाच्या चालीत गातात. यातला एकेक रिवाज कुठून कुठून फिरत इथवर आला आहे. ती हकीकत एका जागी क्वचितच वाचायला मिळते, म्हणून हे टिपण.

शिबिरं दोन तऱ्हेची असतात. लहान मुलांची सकाळची उन्हाळी बायबल शाळा, जिला आता सगळेच 'व्हीबीएस' (व्हेकेशन बायबल स्कूल) म्हणतात, आणि मोठ्या मुलामुलींचं, तरुण संघाचं निवासी शिबिर. पहिलीचं मूळ न्यूयॉर्कमध्ये आहे. १८९८ साली एलिझा हॉज या बाईंनी, सुट्टीत दिवसभर रस्त्यावर फिरणाऱ्या गरीब वस्तीतल्या मुलांसाठी चक्क एक बिअरचं दुकान भाड्याने घेतलं आणि तिथे रोजची बायबल शाळा भरवली. पुढे १९०१ पासून रॉबर्ट बोव्हिल यांनी त्याच शहरात अशा शाळांचं जाळं उभं केलं. निवासी शिबिराचा धागा आणखी मागे जातो. १८०१ मध्ये केंटकीतल्या केन रिज इथे हजारो माणसं गाड्या-तंबू घेऊन आली, दिवसचे दिवस उघड्यावर राहिली, प्रवचनं ऐकत आणि गात राहिली. त्या मेळाव्याचे यजमान प्रेस्बिटेरियन पंथाचे होते, पण ही पद्धत उचलून धरली ती मेथडिस्ट या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाने. १८७४ साली शटॉक्वा तलावाकाठी मेथडिस्टांनी संडे स्कूलच्या शिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग सुरू केला, १८८९ मध्ये तरुणांसाठी एपवर्थ लीग काढली. हा सगळा तपशील अमेरिकेचा. बेळगावशी त्याचा संबंध येतो तो १९०४ साली.

त्याआधीची गोष्ट लष्करापासून सुरू होते. १८१८ मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांनी घेतला, आणि दोनच वर्षांनी, १८२० साली, लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर बल्लारीहून इथे आले. त्यांच्या पाठोपाठ विल्यम बेनन आले. १८३२ साली सुरू झालेली त्यांची इंग्रजी शाळा म्हणजे आजचं बेननस्मिथ हायस्कूल. गाव सीमेवरचं आणि त्यात छावणी, त्यामुळे ख्रिस्ती मंडळी इथे पहिल्यापासूनच एकभाषी नव्हती. मद्रासकडच्या पलटणींबरोबर आलेली तमिळ कुटुंबं, गावातले मराठी लोक, पूर्वेकडच्या खेड्यांतले कन्नड लोक अशी सगळी सरमिसळ. आज शिबिरात एकाच गटातली मुलं तीन भाषांत भांडतात, त्याची सुरुवात तिथे आहे.

१९०४ मध्ये लंडन मिशनने बेळगावचं काम अमेरिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चकडे सोपवलं. मला हे वळण फार महत्त्वाचं वाटतं. नुसती मिशनची पाटी बदलली नाही. मेथडिस्ट चळवळीचा इंग्लिश संस्थापक जॉन वेस्ली याच्या अठराव्या शतकातल्या दोन सवयी त्या वाटेने इथे आल्या.

पहिली सवय गटाची. १७४२ साली ब्रिस्टलमध्ये प्रार्थनागृहाचं कर्ज फेडायचं होतं. दर सभासदाने आठवड्याला एक पेनी द्यावी, बारा-बारा जणांमागे एक प्रमुख नेमावा आणि त्याने घरोघर जाऊन ती गोळा करावी, असं ठरलं. पेनी मागायला गेलेल्या प्रमुखाला घरातली आजारपणं कळू लागली, भांडणं कळू लागली, कोण व्यसनात बुडतो आहे हे दिसू लागलं. वेस्लीच्या लक्षात आलं, की माणसांची विचारपूस करायला यापेक्षा चांगली रीत नाही. शिबिरात दहा-बारा मुलांमागे एक ताई किंवा दादा असतो, रात्री झोपण्यापूर्वी तो गट गोलात बसतो आणि 'आज कसं गेलं?' असं प्रत्येकाला विचारलं जातं. ताई-दादांना वेस्लीचं नावही ठाऊक नसेल, पण रीत तीच.

दुसरी सवय प्रीतिभोजनाची. १७३७ च्या सुमारास अमेरिकेतल्या जॉर्जियात मोरेव्हियन या प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांबरोबर वेस्लीने एक साधं जेवण घेतलं. भाकर-पाण्यासारखं काहीतरी, आणि ते खाता खाता प्रत्येकाने आपला अनुभव सांगायचा. इंग्लंडमध्ये त्याचा रिवाज झाला. भारतात आल्यावर मात्र त्या जेवणाला वेगळंच वजन आलं, कारण इथे कोणी रांधलं आणि शेजारी कोण बसलं हाच खरा प्रश्न होता. मद्रासच्या मिशनरी परिषदेने १८५० साली मंडळ्यांतल्या, म्हणजे चर्चच्या सभासद-समूहांतल्या, जातिभेदाविरुद्ध जे ठराव केले, त्यांत एकत्र जेवण ही कसोटीच ठरवली होती. सभासद होणं सोपं होतं, दुसऱ्याच्या हातचं खाणं अवघड. मराठी मंडळ्यांतही हा झगडा चुकला नाही. वरच्या जातीतून आलेली कुटुंबं थोडी, महार-मांग समाजांतून आलेली जास्त. एकाच देवळात बसणारी माणसं लग्नसंबंधाच्या वेळी मात्र मागचं गाव-घर पाहायची, हे जुनी माणसं उघडपणे सांगतात.

म्हणून शिबिरातली पंगत मी फार मोलाची मानतो. शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्यांच्या लांब पट्ट्या पसरलेल्या असतात. सकाळी उप्पीट किंवा पोहे, दुपारी आमटी-भात आणि एखादी पातळ भाजी, संध्याकाळी चहाबरोबर चिरमुऱ्याचा भडंग. स्वयंपाकाला एखादा आचारी असतो, पण लसूण सोलायला, कांदा चिरायला मंडळीतल्या बायका आपापली विळी घेऊन येतात आणि कोणाच्या मुलीचं कुठे जमतंय याची चर्चा तिथेच होते. वाढायची पाळी रोज एका गटाची. मुलं ताटं पुढे घेऊन बसली, की आशीर्वादाचं गीत म्हणायचं, ते संपेपर्यंत कोणी घास घ्यायचा नाही. पहिल्या दिवशी छोटी मुलं गीत चालू असतानाच पापड मोडतात आणि शेजारचा कोपरखळी मारतो. सगळ्यांचं झालं की वाढपी गट जेवायला बसतो, आणि त्यांना वाढायला पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, स्वतः पळी हातात घेतात. इतर दिवशी ज्यांना सगळे उठून नमस्कार करतात, ते वाकून आठवीतल्या मुलाला 'अजून भात घे रे' म्हणतात.

कामाच्या पाळ्यांचं मूळ दोन ठिकाणी आहे. एक, मिशनचं बोर्डिंग. या भागातल्या ख्रिस्ती घरांमधली आजी-आजोबांची पिढी कुठल्या ना कुठल्या बोर्डिंगात वाढलेली. पहाटेची घंटा, तोंड धुऊन प्रार्थना, अंगण झाडणं, विहिरीचं पाणी, अभ्यास, पुन्हा घंटा. शिबिराचं वेळापत्रक पाहिलं, की बोर्डिंगात राहिलेला माणूस ते लगेच ओळखतो. दुसरं मूळ आश्रमाचं. मेथडिस्ट मिशनरी स्टॅन्ली जोन्स यांनी १९३० मध्ये कुमाऊँच्या डोंगरात सात ताल इथे ख्रिस्ती आश्रम सुरू केला. जमिनीवर बसून साधं जेवण, अंगमेहनत, आणि आठवड्यातून एक दिवस नोकरांना सुट्टी. त्या दिवशी भंग्याचं कामसुद्धा आश्रमवासीयांनीच करायचं, मग तो बिशप असो की प्राध्यापक. शिबिरात संडास-सफाईची पाळी सर्वांवर येते, शिबिरप्रमुखावरही. आजकाल काही पालकांना ते रुचत नाही, 'आमच्या मुलाने घरी कधी केलं नाही' असं फोनवर सांगतात. ही पाळी काढून टाकू नये असं माझं ठाम मत आहे.

आता गाण्याकडे. शिबिरात सकाळी इंग्रजी कृतिगीतं चालतात, हातवारे करत, उड्या मारत. पण संध्याकाळी पेटी निघते आणि नारायण वामन टिळकांची पदं सुरू होतात. टिळक (१८६१–१९१९) मूळचे कोकणातले, १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मराठी उपासनेत तोवर इंग्रजी चालींवर बेतलेल्या गीतांचं वर्चस्व होतं. टिळकांनी अभंग, ओवी, कीर्तन यांना तिथे हक्काची जागा मिळवून दिली. १९१७ साली साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' हा ख्रिस्ताच्या अनुयायांचा मेळा उभारला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही यावेत अशी त्यांची कल्पना होती. मराठी मंडळ्यांच्या गीतसंग्रहात आजही त्यांची पदं ठिकठिकाणी भेटतात. त्याहून कितीतरी आधी, १६१६ मध्ये, गोव्यात राशोलला फादर थॉमस स्टीफन्स यांचं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण छापलं गेलं होतं. पंढरीच्या वाटेवरच्या या मुलखात टाळ हाती घेतलेल्या ख्रिस्ती मुलाला कोणी परका समजत नाही, आणि यात टिळकांचा वाटा मोठा आहे.

कॅथलिकांची वाट थोडी निराळी. छावणीत १८५६ पासून सेंट पॉल्स हायस्कूल आहे; बेळगावचा स्वतंत्र धर्मप्रांत १९५३ साली झाला. त्यांच्या सुट्टीतल्या वर्गांत धर्मशिक्षण, जपमाळ, पहिल्या कम्युनियनची (पवित्र प्रसाद प्रथमच घेण्याच्या विधीची) तयारी यांवर भर असतो, आणि कोंकणी, मराठी, कन्नड, इंग्रजी अशा चारही भाषा कानावर पडतात. खेळ आणि जेवण मात्र दोन्हीकडे सारखंच रंगतं.

सीमेने शिबिरांवर जो ठसा उमटवला, तो बाहेरच्यांना सहसा दिसत नाही. १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता. राज्य पुनर्रचनेत तो म्हैसूर राज्यात गेला. चंदगड, गडहिंग्लज, मिरजेकडची सोयरीक तशीच राहिली, पण शाळांची वेळापत्रकं वेगळी झाली. कर्नाटकातली सुट्टी एप्रिलमध्ये लागून मेअखेरीस संपते, महाराष्ट्रातली साधारण मे महिन्यात लागून जूनच्या मध्यापर्यंत चालते. पलीकडची मामे-आते भावंडं शिबिराला यायची असतील, तर दोघांना सोयीचे असे मे महिन्यातलेच दिवस उरतात. त्याआधी ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ आणि ईस्टर आटोपलेला हवा, विहिरीला पाणी हवं, आणि वळवाने झोडपलं तर मुलांना झोपवायला कोरडे वर्ग हवेत. निवडणुकीचं वर्ष असेल, तर कधी कधी मे महिन्यातच शाळेत मतदान केंद्र येतं. तारीख ठरवायला समितीच्या तीन-तीन बैठका उगाच होत नाहीत.

चर्चच्या रचनेतही सीमा उमटली. १९७० साली नागपुरात अनेक प्रोटेस्टंट चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेव्हा मेथडिस्ट चर्चने ऐन वेळी त्यात न जाण्याचा निर्णय घेतला. १९८१ पासून ते मेथडिस्ट चर्च इन इंडिया म्हणून स्वतंत्र उभं आहे. पलीकडे कोल्हापुरात १८५२ साली रॉयल वाइल्डर यांनी सुरू केलेल्या आणि पुढे प्रेस्बिटेरियन झालेल्या कामाची परंपरा, अलीकडे बेळगावात मेथडिस्ट. बिशप निराळे, कार्यालयं निराळी. लग्नं मात्र होतच राहतात, आणि खरं सांगायचं तर त्यांतली काही शिबिरातल्या ओळखीतूनच जुळलेली असतात.

अलीकडची वर्षं सोपी गेली नाहीत. २०२० आणि २०२१ चे उन्हाळे कोरोनाने नेले. कर्नाटकात धर्मांतरविरोधी अध्यादेश आला तो १७ मे २०२२ ला, म्हणजे नेमका शिबिरांच्या दिवसांत. पुढे त्याचा कायदा झाला, आणि २०२३ च्या जूनमध्ये मंत्रिमंडळाने तो मागे घेण्याचा निर्णय घेतला. या काळात मंडळ्या सावध झाल्या. शेजारच्या गल्लीतली मुलं पूर्वी सहज खेळायला येऊन बसत. आता सभासदांचीच मुलं, आणि तीही पालकांच्या सहीनिशी घ्यावी असं अनेकांना वाटतं. मला याचं वाईट वाटतं, पण आयोजकांची काळजी समजते.

मराठीच्या दृष्टीने शिबिराचं काम मात्र वाढलं आहे. मंडळीतली पुष्कळ मुलं इंग्रजी किंवा कन्नड माध्यमात शिकतात. घरी मराठी बोलतात, पण छापील मराठी पान समोर आलं की अडखळतात. त्यांना सलग मराठी वाचायला लागतं ते शिबिरातल्या वचन-पाठांतरात आणि गीतपुस्तकात. एखाद्या मुलीला 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' हे स्तोत्र बोट ठेवून वाचताना पाहावं. जोडाक्षराशी थांबते, ताईकडे पाहते, पुन्हा ओळीच्या सुरुवातीपासून घेते, आणि चौथ्या दिवशी सगळ्यांसमोर उभी राहून न पाहता म्हणते. काही शिबिरांत आता रोज अर्धा तास नुसत्या मराठी वाचनाला ठेवतात. तो सगळीकडे ठेवायला हवा.

या साऱ्याचा लेखी पुरावा मंडळ्यांच्या कपाटांत पडून आहे: शिबिरांच्या हजेरीवह्या, स्वयंपाकाचे हिशेब, हाताने उतरवलेल्या गीतवह्या, समारोपाचे समूहफोटो. बऱ्याच कपाटांना वाळवी लागली आहे. ज्यांच्या घरी असे फोटो आहेत, त्यांनी वडीलधारी माणसं आहेत तोवर त्यांना विचारून साल, ठिकाण आणि ओळखता येतील तेवढी नावं मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवावीत, आणि एक प्रत आपल्या चर्चच्या सेक्रेटरीकडे द्यावी.